कदंबांचे झाड आणि नार्वेचा देव

पावसाळ्याच्या तोंडावर डिचोलीकडचे एक निवृत्त मास्तर माझ्याकडे आले. आडनाव कदम. काखेत शंभर पानी वही. चहा होईपर्यंत त्यांनी ती उघडली नाही. मग हळूच माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "आमचें कूळ कदंब राजांचें. तूं इतिहासाचें बरयता न्हय? मग हें मदलें मातशें भरून दी."

वहीत वंशावळ होती. अक्षर मास्तरांचे, म्हणजे मोत्यासारखे. पहिल्या पानावर शंकर. त्याखाली बाण काढून त्रिलोचन कदंब, मग मयूरवर्मा, मग बनवासीचे पाचसहा राजे, मग आपल्या गोव्याचे जयकेशी, शिवचित्त पेर्माडी वगैरे. त्यापुढची दोन पाने कोरी. आणि तिसऱ्या पानावर मास्तरांच्या पणजोबांचे वडील, तिथून खाली नातवंडांपर्यंत सगळे नीट. घरात कुणाचे तरी लग्न होते आणि त्या निमित्ताने कुळाची एक छोटी पुस्तिका छापायची होती. मी भरून द्यायची ती ही दोन कोरी पाने. मोजून पाहिले तर सुमारे पाचशे वर्षे भरतात!

मी "बघतो" म्हटले आणि वही ठेवून घेतली. इतिहास लिहिणाऱ्याला असा पेच अधूनमधून पडतो. माणूस वयाने मोठा, शिकवलेला, प्रेमाने आलेला. नाही म्हणवत नाही, आणि हो म्हणायला हातात काही नाही. मग मी निदान नावापासून तरी सुरुवात करू म्हटले. कदंब हे नाव आले कुठून?

गोव्यात राहणाऱ्याला हे नाव रोज भेटते. १९८० साली राज्याचे वाहतूक महामंडळ निघाले, त्याला कदंबांचे नाव दिले. तेव्हापासून 'कदंबा चुकली', 'कदंबा आली' हे आपल्या तोंडी बसले. कारवारजवळ २००५ साली सुरू झालेल्या नौदलाच्या तळाचेही नाव कदंबच आहे. पण बसमध्ये बसलेल्या दहा जणांना कदंब म्हणजे काय विचारले, तर निम्मे राजे म्हणतील आणि फार तर एखादा झाड म्हणेल. मुळात ते झाडच आहे. पावसाळ्यात पिवळसर केशरी चेंडूसारखी फुले येतात ते. कोकणात काही ठिकाणी याला न्हीव म्हणतात; संस्कृतात याच झाडाला नीप असाही शब्द आहे.

घराण्याला हे नाव कसे पडले, याचा सर्वात जुना जबाब कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या तालगुंद गावी एका दगडी खांबावर कोरलेला आहे. इसवी सनाच्या ५ व्या शतकाच्या मध्याचा, कदंब राजा शांतिवर्म्याच्या काळचा. मजकूर रचणारा कवी कुब्ज. तो म्हणतो की हे मानव्य गोत्राचे ब्राह्मण कुटुंब. यांच्या घराजवळ एक कदंबाचे झाड होते, त्याची ते निगा राखत, आणि त्यावरून त्यांना कदंब हे नाव पडले. बस्स, एवढेच. परसातल्या झाडावरून घराला नाव. आपल्याकडे 'आंब्याकडले', 'वडाकडले' असे घर ओळखतात ना, तसेच!

त्याच खांबावर मयूरशर्म्याची गोष्ट आहे. तो आजोबांबरोबर, वीरशर्म्याबरोबर, कांचीला वेदाध्ययनासाठी गेला. तिथे पल्लवांच्या एका घोडेस्वाराशी त्याचे भांडण झाले. ब्राह्मणाने क्षत्रियापुढे इतके दुबळे असावे का, या रागाने त्याने दर्भ आणि समिधा धरणाऱ्या हातात तलवार घेतली, श्रीपर्वतापर्यंतचे रान ताब्यात घेतले, आणि शेवटी पल्लवांनीच त्याला राजा म्हणून मान्य केले. हे ४ थ्या शतकातले. गंमत पुढे आहे. याचे नाव मयूरशर्मा. शर्मा हा ब्राह्मणाच्या नावाचा शेवट. त्याच्या मुलाचे नाव कंगवर्मा, आणि वर्मा हा क्षत्रियाच्या नावाचा शेवट. एका पिढीत शर्माचा वर्मा झाला. पुढच्या काळातल्या लेखांनी तर मयूरशर्म्यालाही मागे जाऊन मयूरवर्मा करून टाकले. मास्तरांच्या वहीतही मयूरवर्माच होता.

आता आपल्या गोव्याच्या कदंबांकडे या. बनवासीचे पहिले राज्य ६ व्या शतकाच्या मध्यावर बदामीच्या चालुक्यांपुढे संपले. गोव्यात कदंब उभे राहतात ते १० व्या शतकाच्या उत्तरार्धात. मध्ये चारशे वर्षे. या चारशे वर्षांत नाव कुठे कुठे छोट्या सामंतांच्या घरी तगून होते, पण बनवासीच्या शेवटच्या राजापासून गोव्याच्या पहिल्या राजापर्यंत बापापासून मुलापर्यंतची अखंड साखळी नाही. म्हणजे मास्तरांच्या वहीतल्या दोन कोऱ्या पानांसारखीच दोन कोरी पाने राजांच्या वहीतही होती!

राजांनी ती कशी भरली? त्यांच्या लेखांत परसातले झाड गायब होते. त्याऐवजी कथा येते ती अशी: शंकराने त्रिपुराचा वध केला, तेव्हा त्याच्या कपाळीचा घाम कदंबाच्या मुळाशी पडला आणि तिथून चार हातांचा, कपाळावर तिसरा डोळा असलेला पुरुष जन्मला. तोच त्रिलोचन कदंब, आमचा मूळपुरुष. घराणे थोडे मोठे झाले, की आधी झाडाला पाणी घालणारे आजोबा लाजिरवाणे वाटू लागतात. मग ते झाडच देवाच्या घामावर वाढते.

शिवाय बिरुदे. गोव्यात राज्य करणारे हे राजे स्वतःला 'बनवासीपुरवराधीश्वर' म्हणवून घेत, म्हणजे श्रेष्ठ नगर बनवासीचे स्वामी. बनवासी तेव्हा यांच्या हातात नव्हती. तिकडे कदंबांचीच हनगलची शाखा होती. तरी बिरुद सोडले नाही. आजही पेडण्यात चार पिढ्या राहिलेला माणूस 'आम्ही मूळचे अमक्या गावचे' म्हणतो आणि त्या गावात त्याला कुणी ओळखत नाही, त्यातलाच हा प्रकार. बेळगाव जिल्ह्यातल्या हलशीच्या नरसिंह मंदिरात गोव्याच्या दोघा भावांचा, शिवचित्त पेर्माडी आणि विष्णुचित्त विजयादित्य यांचा लेख आहे. हलशी हे पूर्वीच्या कदंबांचे पलाशिका. पूर्वजांच्या गावी जाऊन आपले नाव कोरून येण्यात त्यांना काय वाटत असेल, ते मास्तरांकडे पाहून मला थोडे कळले.

आता जरा सातासमुद्रापार जाऊ. पेर्माडी गोव्यात राज्य करत होता ११४७ च्या सुमारापासून ११८१ पर्यंत. नेमक्या त्याच वेळी, ११५४ साली, इंग्लंडच्या गादीवर दुसरा हेन्री बसला. त्याचा बाप जेफ्री, फ्रान्समधल्या आंजू प्रांताचा सरदार. हा जेफ्री टोपीत एका पिवळ्या फुलांच्या झुडपाची डहाळी खोवत असे म्हणून त्याला टोपणनाव पडले, असे सांगतात. त्या झुडपाचे लॅटिन नाव प्लांटा जेनिस्टा, आणि टोपणनाव प्लँटॅजेनेट. इंग्लंडच्या इतिहासातले हे सर्वात गाजलेले घराणे, ११५४ ते १४८५ असे तीनशे तीस वर्षे राज्य केलेले. दोन्ही घराण्यांचे नाव झाडावरून, दोन्हींची फुले पिवळी, आणि काळही तोच. योगायोगच, पण डोळ्यांत भरणारा.

फरक एवढाच की इंग्लंडच्या त्या राजांनी तीनशे वर्षे हे नाव आडनाव म्हणून लावलेच नाही. त्यांना आडनावाची गरजच नव्हती. राजाला आडनाव कोण विचारतो? १५ व्या शतकाच्या मध्यावर गादीसाठी भाऊबंदकी पेटली, तेव्हा यॉर्कच्या ड्यूकने, रिचर्डने, जुन्या जेफ्रीचे टोपणनाव शोधून काढले आणि आपल्या नावापुढे लावले. 'मी त्या मूळपुरुषाचा खरा वारस' हे दाखवायचे होते. म्हणजे हक्काला आव्हान मिळाले की आडनाव आठवते! त्याचेच दोन मुलगे पुढे राजे झाले, आणि धाकटा, तिसरा रिचर्ड, १४८५ साली लढाईत मारला गेला तेव्हा घराण्याचे राज्य संपले.

आणि नाव बदलायला तर एक सही पुरते. १९१७ साली, पहिले महायुद्ध चालू असताना, इंग्लंडच्या राजघराण्याचे नाव जर्मन होते. लोकांना ते खुपू लागले, म्हणून पाचव्या जॉर्जने ते टाकून विंडसर हे नाव घेतले. विंडसर म्हणजे ज्या गावात त्यांचा किल्ला आहे ते गाव. आपल्या भाषेत विंडसरकर. कोकणी माणसाला यात नवल वाटायचे कारण नाही.

आता पुन्हा मांडवीच्या काठावर. कदंबांनी आपले नाव मिरवले खरे, पण त्यांच्या नाण्यांवर पाहा काय आहे. पेर्माडी आणि पुढे तिसरा जयकेशी यांच्या सोन्याच्या नाण्यांवर एका बाजूला सिंह, आणि दुसऱ्या बाजूला अक्षरे: ज्याला श्रीसप्तकोटीश्वराचा वरप्रसाद लाभला आहे असा तो राजा. बाजारात हातोहात फिरणाऱ्या पैशावर त्यांनी देवाचे नाव आधी घातले. हा सप्तकोटीश्वर दिवाडी बेटावरच्या नार्वेचा. सप्तर्षींनी सात कोटी वर्षे तप केले तेव्हा शंकर प्रसन्न झाला, अशी त्याची कथा. मला वाटते, ती नाणी पाडणाऱ्याला तरी कल्पना नसावी की घराणे बुडेल, राजधान्या बुडतील, आणि पुढे कदंबांची आठवण काढायची तर याच देवाच्या दारात यावे लागेल.

देवाकडे जाण्याआधी एका बाईचे नाव घेतले पाहिजे, कारण मास्तरांच्या वहीत एकही बाई नव्हती. पहिल्या जयकेशीची एक मुलगी, मयणल्ला, गुजरातेत अणहिलवाड पाटणला कर्ण सोलंकीला दिली होती. तिचा मुलगा सिद्धराज जयसिंह, गुजरातच्या सर्वात मोठ्या राजांपैकी एक. त्याच्या अंगात निम्मे रक्त गोव्याच्या कदंबांचे, पण कदंब कुळाच्या वंशावळीत त्याला जागा नाही, कारण तो सोलंकी. पुढचा योगायोग मला फारच आवडतो. सिद्धराजाच्या दरबारात हेमचंद्र हा जैन पंडित होता. त्याने व्याकरण लिहिले आणि राजाचे नाव जोडून त्याला सिद्धहेम म्हटले. त्यातल्या प्राकृताच्या भागात कदंब या एका शब्दासाठी एक स्वतंत्र सूत्र आहे: यातल्या 'द'चा विकल्पाने 'ल' होतो, कलंब. मयणल्लेच्या मुलाच्या दरबारातच तिच्या माहेरच्या नावाचे असे व्याकरण झाले! कलंबाचा मराठीत कळंब झाला. महाराष्ट्रात धाराशिवकडे आणि यवतमाळकडे कळंब नावाची गावे आहेत, ती याच शब्दातली. म्हणजे झाडाचे नाव लोकांच्या तोंडी झिजून कळंब झाले. ही गोष्ट लक्षात ठेवा, कदम या आडनावाशी तिचा संबंध आहे.

कदंबांचा शेवट फार वेगाने झाला. १४ व्या शतकाच्या सुरुवातीला दिल्लीच्या फौजा दक्षिणेत उतरल्या. १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकाच्या सैन्याने चांदर, म्हणजे जुने चंद्रपूर, उद्ध्वस्त केले. १३४० च्या दशकात इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी होनावरच्या सुलतानाच्या आरमाराबरोबर सांदाबूरवर, म्हणजे आपल्या गोव्यावर, चालून आला होता. त्याने लिहून ठेवले आहे की इथला राजा आणि त्याचा मुलगा यांच्यात बेबनाव होता आणि मुलानेच होनावरकरांना बोलावले. बापलेकांच्या भांडणात घर बुडावे, यात नवीन काय! त्या शतकाच्या मध्यानंतर गोव्यात कदंब राजा म्हणून कुणी दिसत नाही.

देव मात्र राहिला. बहमनी अमलात दिवाडीचे देऊळ मोडले. त्या शतकाच्या शेवटी विजयनगरचा माधव मंत्री गोव्यात आला आणि त्याने सप्तनाथाची पुन्हा स्थापना केली. हा माधव कदंबांचा कुणी नव्हे. १५४० साली पोर्तुगीजांनी पुन्हा देऊळ पाडले. लिंग काही काळ विहिरीवर पाणी ओढायच्या कामाला लावले होते, अशी परंपरा सांगते. तिथून भक्तांनी ते होडीत घालून पलीकडे आणले. पलीकडे म्हणजे डिचोलीच्या बाजूला. तिथे तेव्हा आदिलशाही होती. मधे फक्त नदी. आज फेरीबोटीत बसलात तर खिशातून पैसे काढेपर्यंत पलीकडचा धक्का येतो. पण त्या काळी त्या पाण्यात दोन राज्यांची हद्द होती, आणि सापडले असते तर काय झाले असते हे सांगायला नको.

देव आला तसे गावाचे नावही आले. म्हणून आज दोन नार्वे आहेत, एक दिवाडीचे आणि एक डिचोलीचे, नदीच्या दोन काठांवर एकमेकांकडे पाहत असलेली. दिवाडीच्या नार्वेला देवळाची जागा आणि कोटीतीर्थ उरले. गोकुळाष्टमीला लोक अजूनही या पाण्यात स्नानाला येतात.

जे दिवाडीवर राहिले, त्यांची आडनावे बदलली. बाप्तिस्मा देणारा पाद्री किंवा धर्मपिता यांचे आडनाव नव्या ख्रिश्चनाला मिळे. तेव्हा आपल्याकडे जी आडनावे आली त्यात परेरा आहे, ऑलिव्हेरा आहे, कार्व्हालो आहे. परेरा म्हणजे पोर्तुगीज भाषेत नासपतीचे झाड. ऑलिव्हेरा म्हणजे जैतुनाचे. कार्व्हालो म्हणजे ओक. गोव्यात यातले एकही झाड आपणहून उगवत नाही. कदंबाच्या नावाने राज्य झालेल्या भूमीत, कुणी कधी न पाहिलेल्या झाडांची नावे घराघराला लागली. मला यात निव्वळ दुःखाची गोष्ट दिसत नाही. कारण कदंबांचा पहिला सविस्तर इतिहास, 'द कदंब कुल', १९३१ साली लिहिला तो जॉर्ज मोराइश या गोमंतकीय ख्रिश्चन संशोधकाने. शिलालेख, ताम्रपट, नाणी गोळा करून, बनवासीपासून गोव्यापर्यंतच्या सगळ्या शाखा त्यांनी लावल्या. पुढे जे कुणी कदंबांवर लिहिले, मी धरून, त्या सगळ्यांचे ते आजोबा. आडनाव पोर्तुगीज, आणि कदंबांच्या घरची कागदपत्रे त्यांच्या हाती.

डिचोलीच्या नार्वेत देव शंभराहून अधिक वर्षे साध्या जागेत होता. १६६८ साली शिवाजी महाराज इकडे आले आणि त्यांनी देऊळ बांधायला आज्ञा केली. दारावरचा लेख आजही आहे. २०२३ मध्ये देवळाचे जतन-दुरुस्तीचे काम पूर्ण झाले, त्यानंतर तर तो सहज वाचता येतो. शके १५९०, कार्तिक वद्य पंचमी, सोमवार, 'श्रीशिवराज्ञा' देवालयाचा प्रारंभ. संपूर्ण लेखात आधी देवाचे नाव, आणि राजाचे नाव फक्त शिव. भोसले नाही, कुळ नाही, गोत्र नाही, मूळपुरुष नाही. सहा वर्षांनी रायगडावर राज्याभिषेक ठरला तेव्हा मात्र कुळाचा प्रश्न निघाला, आणि मेवाडच्या सिसोदियांशी असलेले नाते पुढे मांडावे लागले. राजाला राजा म्हणून मान्य करून घ्यायचे तर तेव्हा ते लागतच असे. पण नार्वेच्या देवापुढे लागले नाही.

दार ओलांडून आत गेलात की समोर ते धारालिंग. मंदिराचा सभामंडप चर्चच्या लांबट दालनासारखा, शिखर अष्टकोनी, दारात दीपमाळ. कदंबांच्या वेळचे यात फक्त ते लिंग. बाकी सगळे ज्यांनी ज्यांनी त्याला उचलून धरले त्यांचे.

तर मग कदमांचे काय? कदम हे मराठ्यांच्या शहाण्णव कुळांतले एक. १८ व्या शतकात कंठाजी कदम बांडे यांनी गुजरात-खानदेशात घोडी नाचवली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. कदंब या शब्दातला शेवटचा 'ब' बोलण्यात गळून कदम होणे अगदी सहज शक्य आहे. 'लांब'चे 'लाम' करणारी तोंडे आपण ऐकतो. तेव्हा नाव त्या नावातूनच आले असे म्हणायला हरकत नाही. पण नाव आले म्हणजे रक्त आले का? कुठे कदंबांचा सैनिक, कुठे त्यांच्या मुलखातला गावकर, कुठे ज्याच्या लग्नात देवक म्हणून कळंबाची फांदी पुजली जाते असे घर. झाड एकच, पण त्याच्या सावलीत बसलेले सगळे एका बापाचे नसतात.

हे मी म्हणतो म्हणून नाही. त्या इंग्लंडच्या तिसऱ्या रिचर्डचेच घ्या. २०१२ साली लेस्टर शहरात गाड्या उभ्या करायच्या जागेखाली त्याचा सांगाडा सापडला. हा तोच का, हे ठरवायला डीएनए तपासला. २०१४ साली निकाल आला. पुरुषवंशाने, म्हणजे बापाकडून मुलाकडे असे, त्या कुळाचे म्हणून जे ड्यूकचे घराणे आजवर मिरवत आले, त्याच्या माणसांशी सांगाड्याचा धागा जुळला नाही. मध्ये कुठेतरी, कुणाच्या तरी घरी, साखळी तुटली होती आणि कागदावर मात्र अखंड होती. जुळला तो बायकांकडून आलेला धागा. रिचर्डच्या बहिणीपासून मुलीकडून मुलीकडे, सतरा-अठरा पिढ्या, दर पिढीला आडनाव बदलत तो लंडनमध्ये लाकडी सामान बनवणाऱ्या एका कारागिरापर्यंत पोचला होता. २०१५ मध्ये राजाला पुन्हा पुरले, त्या शवपेटीचे लाकूड त्याच कारागिराने घडवले. त्याच्या आडनावात राजाचे काही नव्हते.

हे सगळे डोक्यात घेऊन मी गोकुळाष्टमीनंतरच्या रविवारी मास्तरांना नार्वेला बोलावले. देवळाच्या बाहेर पायरीवर बसलो. वही परत दिली. पहिल्या पानावर मी त्यांच्या परवानगीशिवाय काही खोडले नव्हते; पेन्सिलीने बाजूला तालगुंदचे चार शब्द लिहिले होते: घराजवळ झाड, निगा राखत. जयकेशीच्या खाली एक आडवी रेघ मारून मयणल्लेचे नाव घातले होते. आणि ती दोन पाने कोरीच ठेवली होती.

मास्तरांनी चष्मा लावून सगळे वाचले. दोन कोरी पाने उलटून पाहिली, मागून काही लिहिले आहे का ते. मला वाटले, रागावणार. लग्न तोंडावर आले होते, छापखान्यात कागद सांगून झाला होता. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे आमी राजे न्हय?"

मी म्हटले, "मास्तर, नाही असेही मी लिहिलेले नाही."

"तूं मरे भटासारखो उलयता," ते म्हणाले, आणि हसले. मग बोटाने मयणल्लेच्या नावावर टेकवून विचारले, "हिचें नांव कित्याक घातलें?" मी सांगितले. गुजरात, सिद्धराज, आणि तो लंडनचा लाकूडकाम करणारा. सांगाड्याचे त्यांना फार आवडले. दोनदा विचारून घेतले.

देवळातून घंटा वाजली. मास्तरांनी माझ्याच हातातली पेन्सिल मागून घेतली, वही मांडीवर ठेवली, आणि आपल्या आजोबांच्या नावाशेजारी एक छोटी रेघ ओढली. थोडा विचार केला. आजीचे नाव लिहिले, कंसात माहेर पेडणे, आणि पुढे माहेरचे आडनाव: नार्वेकर.

नार्वेत राहणाऱ्याला कुणी नार्वेकर म्हणत नाही. गाव सोडले की गावाचे नाव लागते. म्हणजे तिची माणसे कधीतरी इथून उठून पेडण्याला गेली होती. मास्तर नदीच्या दिशेने पाहत होते. पलीकडून फेरीबोट सुटली होती.

"खंयचें नार्वें आसतलें?" त्यांनी विचारले. "हें काय तें?"